रेंज गेली कुठे?

घरात कुणाचा फोन लागेनासा झाला की आपल्याकडे संशयित ठरलेले असतात. आधी सिमकार्डाची कंपनी, मग टॉवर, पावसाळा असेल तर पाऊस आणि शेवटी ज्याचा फोन आहे तो माणूस: 'तूच फोन सायलेंटवर टाकतोस', 'तुम्ही चार्जच करत नाही'. फोनच्या आत बसलेल्या अँटिनाचं नाव सहसा कुणी घेत नाही. तो दिसत नाही, त्यामुळे तो आहे हेच बरेच जण विसरलेत.

आमच्या लहानपणी तो दिसायचा. बाबांच्या ऑफिसमधल्या साहेबांच्या फोनला वर एक काळं बोंडुक असायचं आणि फोन आला की ते दाताने ओढून लांब करायची काहींना सवय होती. १९९९ मध्ये नोकियाचा ३२१० आला आणि प्रचंड खपला. त्याला बाहेर काही नव्हतं, अँटिना पाठीमागच्या झाकणाखाली गेला होता. त्याच्या आधीही असा एखादा फोन निघाला होता, पण लोकांच्या नजरेला बिनशेंडीच्या फोनाची सवय लावली ती नोकियाने. पुढच्या पाच-सहा वर्षांत ते बोंडुक बाजारातून नाहीसंच झालं.

बाहेरून गेलं तरी आत मात्र त्याची गर्दी वाढत गेली. आजच्या साध्या फोर-जी फोनमध्येही मोबाइल नेटवर्कचे किमान दोन अँटिना असतात. वाय-फाय आणि ब्लूटूथचा वेगळा, जीपीएसचा वेगळा (कधीकधी हे तिघे एकच भाडेकरू असल्यासारखे राहतात), आणि टॅप करून पैसे देण्याची सोय असेल तर पाठीमागे एनएफसीचं एक वेटोळं. फाइव्ह-जी आलं की आणखी भर.

अँटिनाची लांबी मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. ती लहरीच्या लांबीशी बांधलेली असते आणि साधारण त्या लांबीच्या चौथ्या हिश्शाला अँटिना नीट काम करतो. हिशेब शाळेतला आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये येते. आपल्याकडे फोर-जी ८५०, ९००, १८००, २३०० मेगाहर्ट्झ अशा पट्ट्यांवर चालतं. ८५० ला लहर होते ३५ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग जवळजवळ ९ सेंटिमीटर. फोनची रुंदी साडेसात. म्हणजे पट्टी सरळ मावतच नाही, दुमडून, वळवून बसवावी लागते. उलट २३०० ला सव्वातीन सेंटिमीटर पुरतात. फाइव्ह-जीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा तर पुन्हा पावणेअकरा सेंटिमीटर मागतो. हे सगळं एकाच फोनमध्ये, बॅटरी, कॅमेरा आणि धातूच्या चौकटीच्या मधे उरलेल्या फटीत कोंबायचं. त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. बी.ई. टेलिकम्युनिकेशनमध्ये झालं असलं तरी अँटिनाचा पेपर पास झाल्यावर ते पुस्तक मी परत उघडलं नव्हतं. ते उघडायला लावलं आमच्या शेजारच्या काकूंनी.

काकू ७२ वर्षांच्या. इंदूरला लोकमान्यनगरात एकट्या राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. गेल्या वर्षी श्राद्धपक्षाच्या आसपास त्या मायलेकरांत एक विचित्र भांडण सुरू झालं. दादा म्हणे, आईचा फोन सारखा बंद येतो, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असं ऐकू येतं. काकू म्हणत, मी दिवसभर फोन उशाशी घेऊन असते, वाजलाच नाही तर उचलू कशी? दादाने पुरावा म्हणून त्याच्याकडच्या न लागलेल्या कॉलची यादी पाठवली, ती व्हॉट्सअ‍ॅपवर काकूंना व्यवस्थित मिळाली, आणि मग त्या जास्तच दुखावल्या. 'मिळतंय की सगळं, मग फोन कसा बंद?' दादाच्या मनात आलं की आई रागावली आहे आणि मुद्दाम उचलत नाही. काकूंना वाटलं, मुलगा करतच नाही आणि वर मलाच बोलतो. दोघंही खरं बोलत होते.

मग एका रात्री काकूंना गरगरायला लागलं. साखर उतरली होती. आमच्याकडे फोन लावायला गेल्या तर लागेना. तीनदा लावला, तीनदा आपोआप कटला. शेवटी भिंतीला धरत बाहेर आल्या आणि आमची कडी वाजवली. आईने ग्लुकोजचं पाणी दिलं आणि पाच मिनिटांत सगळं निभावलं. पण त्यांना दारापर्यंत येता आलं नसतं तर? रात्री उशिरापर्यंत आमच्याकडे कुणी दुसरं काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो फोन हातात घेतला. स्क्रीनवर रेंजच्या चारपैकी दोन दांड्या होत्या. दांड्या हा फार बेभरवशाचा साक्षीदार. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. २०१० मध्ये ॲपलने तर स्वतःच जाहीर केलं होतं की दांड्या मोजायचं त्यांचं सूत्र चुकलेलं आहे आणि अनेक ठिकाणी फोन असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिमची स्थिती पाहिली की बहुतेक फोनांत तो सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. हा आकडा ऋण असतो. फोर-जीसाठी उणे ८५ म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे चालण्याजोगं, उणे ११५ च्या खाली गेलं की घरघर सुरू. मात्र फरक वजाबाकीचा समजू नका: १० चा फरक म्हणजे शक्ती दहापट कमी, २० चा म्हणजे शंभरपट.

तर पद्धत अशी. तेच सिम दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घालायचं, त्याच खुर्चीत बसायचं आणि दोन्ही आकडे पाहायचे. सिम तेच, टॉवर तोच, भिंती त्याच. आता फरक आला तर तो फोनचा. काकूंचं सिम माझ्या फोनमध्ये उणे ९३ दाखवत होतं आणि त्यांच्या फोनमध्ये उणे १०२. म्हणजे फोन कमजोर होताच, पण इतका नाही की कॉलच लागू नये. उणे १०२ वर लोक रोज तासन् तास बोलतात.

कोडं सुटलं ते डेटाचा वेग पाहिल्यावर. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर चाचणी घेतली. डाउनलोड ७-८ एमबीपीएस, अपलोड जवळजवळ शून्य. फोनला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

याचं कारण फोनच्या रचनेत आहे. मुख्य अँटिना बहुतेक फोनांत तळाशी असतो, चार्जिंगच्या छिद्राजवळ. तो तिथे ठेवण्याचं एक मोठं कारण म्हणजे बोलताना तो भाग डोक्यापासून लांब राहतो आणि डोक्यात शिरणाऱ्या ऊर्जेची मर्यादा (भारतात किलोला १.६ वॉट) पाळणं सोपं जातं. दुसरा अँटिना वरच्या टोकाला असतो, तो मदतनीस. तो फक्त ऐकतो. साध्या फोनमध्ये टॉवरकडे पाठवायचं काम एकट्या मुख्य अँटिनाचं. थोडक्यात, कान दोन आणि तोंड एक. आता मुख्य अँटिना तुटला तर वरचा कान टॉवरला ऐकत राहतो, फोन त्याच्या भरवशावर दांड्या दाखवत राहतो. कॉल आला की टॉवर हाक मारतो, फोनला ती ऐकूही येते, फोन 'ओ' देतो, पण ती 'ओ' टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवर थोडा वेळ वाट बघतो आणि पुण्याला निरोप देतो: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. इकडे फोन वाजलेलाच नसतो. आणि व्हॉट्सअ‍ॅप? ते घरच्या वाय-फायवर. वाय-फायचा अँटिना वेगळा आणि ठणठणीत. काकूंना सगळ्यांचे सुप्रभात मिळत होते ते त्यामुळे.

बॅटरी दुपारपर्यंत उतरायची आणि फोन खालच्या बाजूला गरम व्हायचा, ही तक्रार त्यांनी आधीपासून केली होती. तिचाही उलगडा झाला. टॉवरने उत्तर दिलं नाही की फोन आवाज चढवतो. फोर-जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉटने ओरडू शकतो. एरवी तो याच्या कितीतरी कमी शक्तीवर काम करतो. तोंड बांधलेलं असताना दिवसभर पूर्ण ताकदीने ओरडत राहिलं तर दमणारच. म्हणून बॅटरी नवीन असूनही लवकर उतरत असेल आणि घरात इतरांना रेंज असेल, तर अँटिनाचा संशय घ्यायला हरकत नाही.

बॅटरी नवीनच होती. महिनाभरापूर्वी जुनी फुगली म्हणून काकूंनी ती एका दुकानात बदलून घेतली होती. भांडण सुरू झालं त्याच्या आठवडाभर आधी. ही तारीख लावून पाहायला कुणाला सुचलं नव्हतं, आणि मला ती माहितीच नव्हती. काकू आपल्या त्याच दुकानात परत जाऊनही आल्या होत्या. तिथे काउंटरवरच्या मुलाने फोन न उघडताच सांगितलं होतं, 'मदरबोर्ड गया आंटी, नया ले लो.'

मी तो जेल रोडला एका ओळखीच्या कारागिराकडे नेला. इंदूरकरांना हा भाग सांगायला नको: मोबाइलचं कव्हर असो की सुटा पार्ट, इथल्या गल्लीत नाही असं सहसा होत नाही. ह्या गृहस्थांचं दुकान म्हणजे जिन्याखालची चार फूट जागा, एक सूक्ष्मदर्शक, एक हीट गन आणि चिमट्यांचा एक डबा. माझं सगळं निदान त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, 'भिया, पेले वायर देखते हें.'

वायर म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्म्या केसेस तिथेच संपतात. फोनमध्ये दोन बोर्ड असतात. वर मदरबोर्ड, तळाशी छोटा चार्जिंग बोर्ड. अँटिना खाली, त्याला चालवणाऱ्या आयसी वर, आणि मधे बॅटरी. ही दरी ओलांडायला बॅटरीच्या कडेने एक केसासारखी बारीक कोॲक्स वायर जाते. बारीक असली तरी तिच्यात दोन वाहक असतात: मधली तार आणि तिच्याभोवती जाळी. दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरची गोल टोपी, ती बोर्डावरच्या बुंध्यावर टिचबटणासारखी दाबून बसवायची. नीट बसली की बोटाला 'टक्' कळतं. बॅटरी काढताना ही वायर बाजूला करावी लागते. परत बसवताना ती टोपी तिरकी राहिली, किंवा वायर बॅटरीच्या कडेखाली चिमटली, की झालं. आणि ही टोपी अमर नाही. या जातीच्या जोडण्या साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरत्याच बनवलेल्या असतात. चुकीच्या कोनात उचकटली तर पहिल्याच वेळी सैल होते.

काकूंच्या फोनमध्ये दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. खालची टोपी बुंध्यावर नुसती टेकलेली होती आणि वायरवर बॅटरीच्या कोपऱ्याचा दाब बसून तिथे चपटी खूण उमटली होती. उस्तादांनी मल्टिमीटर बीपवर लावला. टोकापासून टोकापर्यंत मधल्या तारेला बीप यायला हवा, तो आला नाही. बाहेरच्या जाळीला यायला हवा, तो आला. मधली तार आणि जाळी यांच्यात यायला नको, तो आला नव्हता. म्हणजे तार आतून तुटली होती. त्यांनी तेवढ्याच लांबीची वायर शोधली, बॅटरीच्या कडेच्या खाचेत बसवली, दोन्ही टोकांना टक् टक् केलं आणि झाकण लावण्याआधीच मला म्हणाले, आता फोन लावून बघा. लागला. वायर आणि मजुरी मिळून अडीचशे रुपये. आकडा उणे ९४, अपलोड ६ एमबीपीएस.

वायर चांगली निघाली असती तर पुढचा संशय पत्त्यांवर. मदरबोर्डाच्या किंवा चार्जिंग बोर्डाच्या कडेला सोनेरी मुलामा दिलेल्या बारीक स्प्रिंगच्या पत्त्या असतात. अनेक फोनांत अँटिना बोर्डावर नसतोच. तो प्लास्टिकच्या आतल्या चौकटीवर लेसरने कोरून त्यावर धातू चढवून बनवलेला असतो, किंवा स्टिकरसारखा चिकटवलेला असतो, आणि झाकण लावलं की या पत्त्या त्याच्यावर टेकतात. फोन पडला, पत्ती वाकली, संपर्क सुटला. इथे इलाज साधा असतो: चिमट्याने पत्ती किंचित उचलायची आणि सोनेरी ठिपका आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. काही कारागीर खोडरबर वापरतात; हलक्या हाताने ठीक, जोरात घासलं तर मुलामाच निघून जातो. आणि स्क्रू. झाकणाचा एखादा स्क्रू हरवला तर आपण म्हणतो, चालतंय की. काही स्क्रू नुसते धरून ठेवायला नसतात, चौकटीला बोर्डाच्या ग्राउंडशी जोडायला असतात. दुरुस्तीनंतर दोन स्क्रू 'उरले' तर दुकानदाराला ते परत लावायला सांगा, लाजू नका.

मल्टिमीटरच्या बाबतीत एक गोष्ट मला उस्तादांकडून पुन्हा शिकायला मिळाली, कारण पुस्तकात ती होती आणि डोक्यातून गेली होती. फोनचे अनेक अँटिना बनावटीतच एका ठिकाणी ग्राउंडला जोडलेले असतात. मीटर लावला की ते 'शॉर्ट' दाखवतात. नवशिका मुलगा म्हणतो, शॉर्ट आहे, बोर्ड खराब. प्रत्यक्षात ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीला ती जोडणी वेगळीच दिसते आणि अँटिना धडधाकट असतो. म्हणजे मीटरने वायर तपासता येते, अँटिना सुरात आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी नेटवर्क ॲनालायझर लागतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असायचा, लाखांच्या घरातला, हात लावायची बंदी. आता खिशात मावणारे छोटे ॲनालायझर काही हजार रुपयांत मिळतात. मी एक घेतला आहे. पडद्यावर एक रेघ दिसते आणि ज्या पट्ट्यावर अँटिना सुरात असतो तिथे ती खाली खड्डा घेते. अँटिनाला बोट लावा, खड्डा डावीकडे सरकतो. ज्यांना गाणं कळतं त्यांना सांगेन: तंबोऱ्याच्या तारेवरचा मणी सरकवावा तसं ते आहे.

बोटाची ही करामत जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. जून २०१० मध्ये आयफोन ४ आला. त्याच्या कडेची पोलादी पट्टी हाच अँटिना होता, मधे बारीक फटी ठेवून तिचे तुकडे केलेले. डाव्या हातात फोन धरला की तळव्याने डाव्या कोपऱ्यातली फट झाकली जायची, दोन तुकडे त्वचेने जोडले जायचे, सूर बिघडायचा आणि कॉल तुटायचे. महिन्याभरात कंपनीला गिऱ्हाइकांना फुकट रबरी कव्हरं द्यावी लागली. बिघाड असा काही नव्हताच, आणि उपाय म्हणजे कातडी आणि धातू यांच्यात एक मिलिमीटर रबर. आजच्या धातूच्या फोनांच्या कडेला ज्या बारीक प्लास्टिकच्या रेघा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. त्या अशाच फटी आहेत. धातूचं कव्हर, किंवा पाठीला चिकटवलेली लोखंडी रिंग (गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी लावतात ती) त्या रेघांजवळ आली की रेंज पडते. म्हणून घरी पहिली चाचणी कव्हर काढून करायची. ती फुकट आहे.

झाकणाची गोष्ट याहून फसवी. माझ्या मावसभावाचा फोन, तो गोव्यात म्हापशाला असतो. मागची काच फुटली म्हणून त्याने नवं पॅनल बसवून घेतलं, दिसायला अगदी मूळच्यासारखं. त्यानंतर घरात रेंज नाही, अंगणात आहे. त्याच्या फोनमध्ये मधल्या चौकटीचा वरचा तुकडा पॅनलबरोबर बदलला गेला होता आणि नव्या तुकड्यावर अँटिनाची धातूची नक्षीच नव्हती. नुसतं काळं प्लास्टिक. आकार हुबेहूब, स्क्रूची भोकं जागेवर, फक्त जे काम करायचं तेच गायब. अशा स्वस्त नकली चौकटी बाजारात भरपूर आहेत. त्यामुळे पॅनल किंवा 'हाउसिंग' बदलायला दिलं तर जुना तुकडा परत मागा आणि दोन्ही आतून शेजारी ठेवून बघा. सोनेरी किंवा तांबूस नागमोडी पट्ट्या दोन्हीवर दिसायला हव्यात. चार्जिंग बोर्डाचंही तेच. नकली बोर्डावर चार्जिंग होतं, माइक चालतो, आणि अँटिनाची वाट मात्र निकृष्ट असते.

गोव्याचा विषय निघाला म्हणून: समुद्राची खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत फोन पाण्यात पडायचीही गरज नसते. वायरच्या टोपीखाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती बुरशी नसते, तांब्याचा गंज असतो. लवकर सापडली तर अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ होते, उशिरा सापडली तर बुंधा बदलावा लागतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालचं काम आहे. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. तांदूळ बाहेर, पाणी टोपीखाली.

इतकं करूनही 'ऐकतो पण बोलत नाही' ही तक्रार उरली तर मग बोर्डाकडे वळायचं. तिथे पॉवर ॲम्प्लिफायर नावाची आयसी असते, दुकानात तिला 'पीए' म्हणतात. तीच बोलण्याला ताकद देते. ती गेली तर लक्षणं तुटलेल्या वायरसारखीच दिसतात. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी अडीचशेचं तपासायचं, मग अडीच हजारांचं. आणि *#०६# डायल केल्यावर आयएमईआय नंबरच आला नाही, तर अँटिनाचा यात काही दोष नाही. तो बेसबँडचा किंवा सॉफ्टवेअरचा रोग आहे, त्यासाठी झाकण उघडून वायर हलवत बसू नये. जुन्या फोनमध्ये व्होल्टी चालू नसेल आणि सिम जिओचं असेल, तरी डेटा चालतो आणि साधा कॉल लागत नाही, कारण त्या नेटवर्कला टू-जी, थ्री-जी नाहीच. तेही सेटिंगमध्ये आधी पाहून घ्यावं. सॉफ्टवेअरवाल्याचा एवढा हक्क राहू द्या.

हे वाचून कुणी रविवारी दुपारी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन फोन उघडायला बसू नये, ही विनंती. लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते, आणि पाणी-रोधक फोन एकदा उघडला की त्याचं सील पुन्हा तसं बसत नाही. घरी करण्यासारख्या गोष्टी बाहेरूनच होतात: कव्हर काढणं, सिम बदलून आकडे पाहणं, अपलोड तपासणं, वाय-फाय बंद करून कॉल लावणं. बॅटरीखाली चिकटवायचे 'सिग्नल बूस्टर' स्टिकर घेऊ नका, ते कशालाच जोडलेले नसतात. छतावर लावायचे बूस्टर तर परवान्याशिवाय बेकायदा आहेत, आणि तुमची रेंज वाढवताना अख्ख्या गल्लीची बिघडवू शकतात.

दुकानाची निवड कशी करायची, हे मला बरेच जण विचारतात. माझी एकच कसोटी आहे: जो माणूस फोन उघडण्याआधी रोगाचं नाव सांगतो त्याच्याकडे ठेवू नका. आणखी एक सोय आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्या त्यावर दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी यांबद्दल देतात. सगळ्याच कंपन्यांची माहिती सारखी भरलेली नाही, पण वॉरंटीतला फोन बाहेर उघडण्याआधी तिथे एकदा बघणं बरं.

काकूंनी दादाला त्या संध्याकाळी फोन लावला, आमच्या ओसरीतून. पहिल्याच रिंगला उचलला गेला. दोघं काय बोलले ते ऐकायला मी थांबलो नाही, पण आत चहा होईपर्यंत बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. दादाने नंतर मला वेगळा फोन करून विचारलं की नवीन चांगला फोन पाठवू का. मी म्हटलं, पाठव, पण हाही ठेव. यात रेंज येते.

म्हापशाच्या फोनचं काम अजून अडलंय. मूळ चौकट सुटी मिळत नाही. उस्तादांनी त्याच मॉडेलचा एक बंद पडलेला फोन, ज्याचा बोर्ड गेलाय पण चौकट शाबूत आहे, शोधून ठेवायचं कबूल केलं आहे. मावसभाऊ तोवर कॉल आला की अंगणात पळतो. मावशी म्हणते, निदान चालणं तरी होतं.